मालवण की भोगवे? मुक्काम कुठे ठोकायचा, दोन्हीकडे राहून सांगते

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी उत्तर आधीच देऊन टाकते. पहिल्यांदाच तळकोकणात चाललात, सिंधुदुर्ग किल्ला, स्कूबा डायव्हिंग, रॉक गार्डन, धामापूरचा तलाव अशी यादी खिशात आहे आणि स्वतःची गाडी नाही, तर मालवणातच रहा, बाजारपेठेत चालत जाता येईल इतक्या अंतरावर. भोगव्यासारखं शांत गावच हवं असेल तर ती यादी घरी ठेवून या. दोन्ही एकदम जमवायला गेलं की अर्धा दिवस गाडीत जातो, ना धड किल्ला बघून होतो ना धड दुपारची झोप.

हे एवढं ठासून सांगतेय कारण हल्ली कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं, मालवणात कशाला राहताय, गर्दी असते, भोगव्याला जा, निवतीला जा, आचऱ्याला जा. सांगणाऱ्याकडे बहुतेक वेळा स्वतःची कार असते, बरोबर ना सासूबाई असतात ना सातवीतला मुलगा, आणि किल्ला आधीच दोनदा बघून झालेला असतो. त्यांच्यासाठी बरोबरच आहे ते. आमचा गोतावळा म्हणजे मी, नवरा, दोन मुलं, गुडघेदुखीवाल्या सासूबाई आणि प्रवासातही रोजचा पेपर मागणारे माझे बाबा, आणि आम्ही कोकणात जातो ते ट्रेनने. त्यामुळे माझं मत याच चष्म्यातून वाचा.

आधी मालवणचं. शहर शहर म्हणतात पण पुण्या-मुंबईच्या माणसाला ते शहर वाटणारच नाही. भरड नाका, बाजारपेठ, एसटी स्टँड, बंदर सगळं चालत होतं, फारच कंटाळा आला तर रिक्षा. आम्ही भरडापासून जरा आत एका घरगुती लॉजवर होतो, खाली मालकांचं बिऱ्हाड आणि वर चार-पाच खोल्या. सीझन नव्हता तेव्हा एसी खोलीचे १५०० च्या आसपास पडले, मे महिन्यात आणि ३१ डिसेंबरच्या आसपास हाच आकडा दुप्पट सांगतात. खोलीला बाल्कनी होती आणि बाल्कनीतून समोरच्याची भिंत दिसायची. व्ह्यू-बिव्ह्यू विसरा. पहाटे मासळीचा टेम्पो, मग पाववाल्याची सायकल, मग कुणाची तरी न सुरू होणारी स्कूटर, हे सगळं क्रमाने ऐकू यायचं. बाबा खूश होते कारण सात वाजता पेपर मिळायचा.

पण मालवणात राहण्याचा खरा फायदा सकाळी कळतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या जेटीवरून सुटतात, आणि पहिल्या-दुसऱ्या होडीने गेलात तर किल्ला तुमचा असतो. अकरानंतर गेलात तर डोक्यावर ऊन, पुढे शाळेची सहल, मागे कुणाचा तरी ब्लूटूथ स्पीकर. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे जे १२ किल्ले गेले त्यात हाही आहे आणि विजयदुर्गही आहे, तेव्हापासून गर्दी अजून वाढलीय असं होडीवालेच सांगत होते. १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर याचं काम सुरू केलं, जवळपास ४८ एकरांचा पसारा आहे, आणि होडीवाला तुम्हाला वर फिरायला तासभरच देतो. तासाभरात राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळ, चुन्यात उमटवलेले शिवाजी महाराजांच्या हाताचे-पायाचे ठसे, आणि चहूबाजूंनी खारं पाणी असून गोड पाणी देणाऱ्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी, एवढं बघून होतं, पण तटावरून पूर्ण चक्कर मारायची असेल तर उन्हात नाही जमत. म्हणजे सकाळी लवकर जेटीवर पोचणं आलं, आणि ते लॉजवरून चहा पिऊन दहा मिनिटात पोचणाऱ्यालाच जमतं. भोगव्याहून निघालेला माणूस तोपर्यंत वाटेतल्या नेरूरपारच्या पुलावर असतो.

संध्याकाळी बंदरावर जा. मासे उतरतात, लिलाव होतो, कोळणी टोपल्या घेऊन बसलेल्या असतात. सासूबाईंना सरंग्याचा भाव आवडला नाही, त्यांनी नाक मुरडलं, कोळणीने त्यांच्यापेक्षा जास्त मुरडलं, शेवटी बांगड्यावर समेट झाला. लॉजवरच्या काकींनी मसाल्याचे वेगळे पैसे घेऊन तिरफळं घालून तिखलं करून दिलं. आख्ख्या ट्रिपमधलं ते सगळ्यात चांगलं जेवण. हॉटेलात नाही मिळालं तसं. हॉटेलांचं सांगायचं तर मालवणात खानावळी भरपूर आहेत आणि बऱ्याच चांगल्या आहेत, कोंबडी-वडे, सुरमई थाळी, तिसऱ्यांचं सुकं, मोरीचं म्हणजे छोट्या शार्कचं मटण काय हवं ते मिळेल, पण एका नावाजलेल्या ठिकाणी (नाव नाही घेत) आम्हाला पाऊण तास रांगेत उभं करून जी सोलकढी दिली ती आमसुलाची कमी आणि रंगाची जास्त होती. सोपा नियम सांगते, जिथे दुपारी एसटीचे कंडक्टर आणि बँकवाले जेवताना दिसतील तिथे शिरा. सोमवारी मात्र मासळीबाबत फार अपेक्षा ठेवू नका, बऱ्याच घरांत त्या दिवशी मासे करत नाहीत आणि बाजारातही तसा शुकशुकाट असतो.

बाकी मालवणात संध्याकाळ घालवायला चिवला बीच आहे, रॉक गार्डन आहे, कालनिर्णयवाल्या साळगावकरांनी बांधलेलं जय गणेश मंदिर आहे, राजकोट किल्ल्यावर शिवाजी महाराजांचा नवीन पुतळा आहे. रॉक गार्डनला सूर्यास्ताच्या वेळी पार्किंगची मारामारी असते, चालत गेलात तर तुम्हाला काय फरक पडतो. हा परत शहरात राहण्याचाच फायदा. आणि एक फार कुणी सांगत नाही ते सांगते, गावात मेडिकलची दुकानं आहेत, ग्रामीण रुग्णालय आहे, आणि अगदीच काही मोठं झालं तर ओरोसला जिल्हा रुग्णालय. म्हातारी माणसं बरोबर असताना हे डोक्यात असतंच. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या डोंबिवलीच्या घरी टेबलावर राहिल्या होत्या, त्या मालवणात पाच मिनिटात मिळाल्या.

आता मधलं प्रकरण, मालवणजवळचं तारकर्ली-देवबाग. लोक याला गाव समजून बुक करतात. कधीकाळी असेल गाव. सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, त्यानंतर सगळ्यात जास्त बदललं ते हे. वाळू अजूनही सुंदर आहे, पाणी स्वच्छ आहे, तारकर्लीला एमटीडीसीचं रिसॉर्ट आणि स्कूबाचं ट्रेनिंग देणारी संस्थाही आहे, पण देवबागच्या रस्त्याला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये चिंचोळ्या पट्टीत घराला घर लागून होमस्टे. डिसेंबरच्या शनिवारी त्या रस्त्यावर दोन टेम्पो ट्रॅव्हलर समोरासमोर आल्या की सगळं ठप्प. सी-टच लिहिलेलं बघून हुरळू नका, देवबागला बऱ्याच ठिकाणी धूप थांबवायला दगडांचा बंधारा घातलाय, त्यामुळे तुमची खोली समुद्राला नाही, काळ्या दगडांना टच असते. माझ्या नणंदेला असाच अनुभव आला, फोटोत वाळू आणि प्रत्यक्षात दगड, मालक म्हणे ओहोटीला दिसते की वाळू. स्कूबा, पॅरासेलिंग, बनाना राइड, त्सुनामी आयलंड (खाडीतलं वाळूचं छोटं बेट) हेच करायला आलेल्या कॉलेजच्या ग्रुपसाठी देवबाग एकदम बरोबर आहे. पण शांतता म्हणून पैसे मोजू नका. खरं सांगू, रात्री साडेनऊनंतर मालवणची आमची गल्ली देवबागपेक्षा शांत होती.

स्कूबाबद्दल एक आगाऊ सल्ला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी त्यातल्या त्यात नितळ असतं, सकाळी लवकरची वेळ घ्या, पोटभर घावणे चेपून जाऊ नका. रस्त्यावर गाडी थांबवून पॅकेज विकणारे जो पहिला आकडा सांगतात तो खरा नसतो, व्हिडिओचे पैसे त्यात धरलेत का तेही आधीच विचारा. माझ्या मोठ्याने केलं, पाच-सात मिनिटं खाली होता, वर आल्यावर तासभर त्याच माशांबद्दल बोलत होता, पैसे वसूल.

मग भोगवे. हे वेंगुर्ला तालुक्यात येतं, कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तिच्या दक्षिणेला. नकाशावर बघितलंत तर देवबागच्या समोरच, होडीने पाच-दहा मिनिटांचं अंतर. इथेच लोक फसतात. रस्त्याने जायचं तर मालवणहून चौके, धामापूर, काळसे, नेरूरपारचा पूल, मग परुळे आणि मग भोगवे, वळणावळणाचा रस्ता, तासाच्या वर जातो. नकाशात समोर दिसणारं गाव गाडीने एवढं लांब असू शकतं हे कोकणात खाडी असलेल्या प्रत्येक ठिकाणी लागू आहे, तेव्हा किलोमीटर सरळ रेषेत मोजू नका.

शेवटच्या वळणावरून खाली उतरताना एकदम समुद्र दिसतो, आणि तिथे आमच्या गाडीतले सगळे, बाबांसकट, गप्प झाले. किनारा लांबलचक, पांढरी वाळू, माडांची रांग, पलीकडे देवबागचं टोक. आम्ही गेलो तेव्हा मधल्या वारी सकाळी त्या आख्ख्या किनाऱ्यावर आम्ही, दोन कुत्री आणि जाळं विणत बसलेले एक आजोबा एवढेच होतो. पोहायला मात्र जपून, लाइफगार्ड वगैरे आम्हाला कुणी दिसला नाही, खाडीच्या तोंडाशी ओढ जोरात असते, त्यामुळे कुठे उतरायचं ते गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय गुडघ्याच्या वर जाऊ नका.

होमस्टे म्हणजे तिथल्या मालकीणकाकींच्याच घराला लागून बांधलेल्या तीन खोल्या, समोर अंगण, मागे नारळी-पोफळी. एसी आहे पण रात्री लावायची गरज पडली नाही. खोली मालवणच्याच भावात, जेवणाचे माणशी वेगळे. जेवायचं काय ते आदल्या रात्री सांगायचं, आणि सांगितलं तरी हमी नाही. पहिल्याच संध्याकाळी नवऱ्याने ऐटीत सुरमई सांगितली, काकी म्हणाल्या, "मासे गावले तर देतंय, नायतर डाळ-भात." दुसऱ्या दिवशी वारा सुटला, होडी गेली नाही, डाळ-भात आला. सोबत काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी आणि तळलेली सांडगी मिरची. बाबा दोनदा भात मागून जेवले. नवरा जरा हिरमुसला होता पण मला विचाराल तर शाकाहारी माणसाने मालवणच्या खानावळीपेक्षा अशा घरीच जेवावं, सकाळी आंबोळ्या, एक दिवस शिरवाळे आणि नारळाचा रस, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर ओल्या काजूगरांची उसळ, ही मालवणच्या हॉटेलात मागितली तर मिळते पण त्यात बटाटेच जास्त.

पण सगळं गोडगोड नाही. मोबाइलला रेंज अंगणाच्या एका कोपऱ्यात, तिथे उभं राहून सगळे आळीपाळीने फोन करायचे. वर्क फ्रॉम होम करत राहू असा कुणाचा बेत असेल तर सोडून द्या. एटीएम आम्हाला गावात दिसलं नाही, रोख पैसे परुळ्याच्या आधीच काढून घ्या. लाइट गेली की पंखा इन्व्हर्टरवर, एसी नाही. बिस्किटं, पाणी, मुलांचे वेफर्स मिळतील असं एखादं दुकान, तेही दुपारी एक ते चार बंद, कारण कोकणातला माणूस दुपारी झोपतो आणि ते बरोबरच करतो. मोठा मुलगा पहिल्या दिवशी कंटाळला, दुसऱ्या दिवशीही कंटाळला, आणि त्याने ते लपवलं नाही. धाकटी मात्र सकाळपासून काकींच्या मागे गोठ्यात. एकाच घरातली दोन मुलं, त्यामुळे मुलांना गावात मजा येते का याचं एक उत्तर माझ्याकडे नाही.

आणि शांततेबद्दल. गाव शांत असतं हे दिवसापुरतं खरं आहे. संध्याकाळी वस्तीची एसटी येते, रात्री मुक्कामाला असते आणि पहाटे ड्रायव्हर इंजिन तापवत ठेवतो तेव्हा सगळी वाडी जागी होते. मोर ओरडतात, तेही सुरेल वगैरे काही नाही. शेजारच्या वाडीत हळद होती त्या रात्री डीजे बारापर्यंत वाजला. आणि कार्तिकी पौर्णिमेनंतर जत्रांचा सीझन सुरू झाला की देवळात दशावतार रात्रभर, हार्मोनियम, मृदंग आणि चक्की म्हणजे झांज, झोपेचं खोबरं. मी म्हणेन झोप सोडा आणि बघायला जा, असा दशावतार शहरात तिकीट काढूनही नाही बघायला मिळणार, समोर खुर्च्या नसतात, घरून चटई आणि शाल न्यायची, आणि पहाटेपर्यंत बसायचं. पण झोपायलाच गेला असाल तर जत्रा कधी आहे ते बुकिंग करताना विचारून घ्या.

आता मला जे मुख्य सांगायचंय ते. भोगव्याला राहून मालवण बघायला जाऊ नका. आम्ही एक दिवस गेलो, धामापूरचा तलाव वाटेतच लागतो म्हणून थांबलो, तो १५३० च्या सुमारास बांधलेला, काठावर भगवतीचं देऊळ, इतकं सुंदर ठिकाण आहे की तिथे दोन तास निवांत बसावं, आणि आम्ही घड्याळ बघत फोटो काढून निघालो कारण किल्ल्याची होडी गाठायची होती. मालवणात पोचेपर्यंत ऊन चढलेलं, सासूबाई किल्ल्याच्या होडीत चढल्याच नाहीत, परत येताना काळोख, रस्त्यावर गुरं, नवरा भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरला दर वळणावर हळू चालवा म्हणत होता. असा दिवस सुट्टीत कशाला हवा.

भोगव्याला राहिलात तर दक्षिणेकडे बघा. निवती जवळच आहे, छोटं बंदर, वर किल्ल्याचे अवशेष, तिथून संध्याकाळी समुद्र बघायचा आणि खाली उतरून चहा प्यायचा, एवढाच कार्यक्रम. परुळ्याला आदिनारायणाचं देऊळ आहे, सूर्याची देवळं आपल्याकडे फार नाहीत, नक्की बघा. वालावलचं लक्ष्मीनारायण आणि समोरचा तलाव फार लांब नाही. एक पूर्ण दिवस वेंगुर्ल्याला द्या, बाजार, बंदर, मग आरवलीचा वेतोबा, जिथे लोक देवाला भल्या मोठ्या चपला आणि केळ्यांचे घड वाहतात, आणि जमलं तर शिरोड्याची मिठागरं, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे ज्या गावाचं नाव झालं ते हेच शिरोडे. या सगळ्याला रांग नाही, तिकीट नाही, वेळेची होडी नाही. म्हणजे गावात राहिल्यावर बघायला काही नाही असं नाही, फक्त ती यादी वेगळी आहे आणि ती इन्स्टाग्रामवर कमी दिसते.

खर्चाचं बोलायचं तर लोकांचा समज असा की गाव स्वस्त. खोली आणि जेवण धरलं तर होय, थोडं. पण गाडी धरा. मालवणात आमचा रिक्षा आणि एसटीवर मिळून किरकोळ खर्च झाला, बायकांना एसटीला मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि बाबांना ७५ पूर्ण असल्यामुळे फुकट, ते कंडक्टरला आधार कार्ड दाखवायला एवढे उत्सुक की गरज नसतानाही एसटीने चौक्याला जाऊन आले. भोगव्यात मात्र गाडी केल्याशिवाय हलताच येत नाही, आणि दोन दिवसांची गाडी केली की वाचवलेले पैसे गेले. मालवणात दुचाकी भाड्याने मिळतात, दोघंच असाल तर मालवणहून स्कूटी घेऊन भोगव्याला एक रात्र जाऊन येणं हा मधला मार्ग मला पटतो. सासूबाईंना घेऊन स्कूटी शक्य नाही.

सीझनचं गणित उलटं आहे तेही लक्षात घ्या. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद, स्कूबा बंद, १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, म्हणजे मालवणात राहण्याची माझी सगळी कारणं वाहून जातात. त्या दिवसात मालवणात ताजी सुरमई म्हणून कुणी वाढली तर ती फ्रीजरमधून आलीय असं समजा. तेव्हा गावच बरं, भाताची लावणी, ओढे, काकींच्या हातचं टाकळ्याच्या भाजीचं जेवण, आणि ओसरीत बसून पाऊस. अपवाद नारळी पौर्णिमेचा, त्या दिवशी मालवणच्या बंदरावर सोन्याचा नारळ समुद्राला देतात आणि नारळ लढवायची धमाल असते, त्यासाठी मालवणातच थांबा.

आणि मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा. तिची तारीख पंचांगात शोधू नका, देवीच्या कौलाने ठरते, साधारण फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, आणि एकदा जाहीर झाली की मुंबईच्या ट्रेन काही मिनिटात फुल्ल आणि मालवणात खोली मिळत नाही. मालवणचे लॉजवाले त्या दिवसांत जुन्या गिऱ्हाइकालाही नाही म्हणतात. जत्रेला जायचं असेल तर वेगळी गोष्ट, नसेल तर ते दिवस टाळा, किंवा मग त्याच दिवसांत भोगवे गाठा, तिथे त्याचा फारसा ताण नसतो.

गावातल्या होमस्टेला फोन कराल तेव्हा काय विचारायचं ते सांगते, कारण फोटोत हे दिसत नाही. कमोड आहे का, खोलीपर्यंत पायऱ्या किती, समुद्रापर्यंत चालत किती वेळ आणि मध्ये चढ आहे का, इन्व्हर्टरवर काय काय चालतं, रात्री उशिरा पोचलो तर जेवण मिळेल का. सी-व्ह्यूबद्दल विचारू नका, सगळे हो म्हणतात. मालवणच्या लॉजला एवढंच विचारा की खोली रस्त्याच्या बाजूला आहे का मागच्या, आणि मागची घ्या. एसटी स्टँडच्या अगदी समोरची लॉज घेऊ नका, आमच्या ओळखीच्यांनी घेतली होती, पहाटे चारपासून अनाउन्समेंट ऐकत होते.

ट्रेनचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, नोव्हेंबर २०२४ पासून. मुंबईहून कोकणकन्या किंवा तुतारी एक्सप्रेस रात्री पकडली की दुसऱ्या दिवशी सकाळी कुडाळ, तिथून मालवणला एसटी आहे, रिक्षा आहे. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला आणि तो परुळ्याच्या बाजूलाच असल्यामुळे भोगव्याला अगदी जवळ पडतो, पण फ्लाइट कधी असते कधी नसते, तिकीट हातात येईपर्यंत त्यावर बेत आखू नका.

दोन्ही ठिकाणी रहायचंच असेल तर आधी मालवण आणि मग भोगवे असं करा. किल्ला, स्कूबा, खानावळी, खाजा-खडखडे लाडवांची खरेदी हे सगळं अंगात दम असताना उरकतं, आणि मग गावात गेल्यावर कुणी आता कुठे जायचं म्हणून विचारत नाही. उलटं केलेले आमचे शेजारी भोगव्याहून मालवणात आल्यावर गर्दीला नावं ठेवत बसले होते. परतीला भोगव्याहून परुळेमार्गे थेट कुडाळ गाठता येतं, मालवणला वळसा घालायची गरज नाही, फक्त सकाळच्या एसटीची वेळ आदल्या रात्री त्या वस्तीच्या गाडीच्या कंडक्टरलाच विचारून ठेवा, गावात प्रत्येक जण वेगळी वेळ सांगतो.